निबंध इंग्रजीचा, सवय शाळेची

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणारे आपल्याकडील अनेक विद्यार्थी आयईएलटीएस परीक्षेत वाचन आणि श्रवण सहज पार करतात, लेखनात मात्र अडखळतात. अर्ध्या बँडने प्रवेश हुकला की दोष शब्दसंग्रहाला दिला जातो. खरी अडचण पुष्कळदा मांडणीत असते. सुभाषिताने सुरुवात, मग विषयविस्तार आणि अखेरीस उपदेशपर समारोप, हा शालेय निबंधाचा साचा हाताला इतका बसलेला असतो की लेखकाचे मत शेवटच्या चार ओळींपर्यंत उलगडतच नाही. ललित निबंधात ते शोभतेही. येथे मात्र गुण जातात.

लेखनाच्या ६० मिनिटांपैकी सुमारे ४० मिनिटे निबंधासाठी राखावीत. त्याचे वजन पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट असते आणि किमान २५० शब्द अपेक्षित असतात. परीक्षक प्रश्नाला दिलेले उत्तर, सुसूत्रता, शब्दसंपदा आणि व्याकरण यांना समान महत्त्व देतात. म्हणजे निम्मे गुण काय म्हटले आणि ते कोणत्या क्रमाने म्हटले, यावर अवलंबून आहेत.

समजा, प्रश्न असा आहे : शहराच्या मध्यभागी खासगी मोटारींना बंदी घालावी, या मताशी आपण कितपत सहमत आहात? पहिल्या परिच्छेदात दोन-तीन वाक्ये पुरेत. विषय स्वतःच्या शब्दांत सांगावा (प्रश्नातून उतरवलेले शब्द जमेस धरले जात नाहीत) आणि लगेच भूमिका घ्यावी : बंदी योग्य आहे, पण सार्वजनिक वाहतूक आधी सक्षम हवी. पुढील दोन परिच्छेद याच वाक्यातून निघतात. पहिल्यात बंदीचे एकच कारण, समजा रस्त्यावरील जागा, घ्यावे आणि ते उदाहरणासह पूर्ण करावे. लंडनने २००३ पासून मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क आकारले, हे उदाहरण चालेल. मात्र ते शुल्क आहे, बंदी नव्हे, हा फरक सांगून त्याचा मुद्द्याशी संबंध जोडावा. नुसते उदाहरण ठेवून पुढे जाणे ही फार सामान्य चूक आहे. दुसऱ्या परिच्छेदात अट यावी : ज्या उपनगरात रात्री बसच मिळत नाही, तेथील कामगाराने काय करावे?

एका परिच्छेदात चार कारणे कोंबली की एकही पटत नाही. प्रत्येक वाक्याआधी ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’ पेरल्याने सुसूत्रता येत नाही, उलट ठिगळे दिसतात. पाठ केलेल्या ‘तयार’ प्रस्तावनाही परीक्षक चटकन ओळखतात, हे शिकवणी वर्गांनी ध्यानात घेतले तर बरे.

दोन्ही बाजूंची चर्चा करून स्वतःचे मत मागणाऱ्या प्रश्नात दोन बाजू आणि मत, तिन्ही हवेत. घाईत नेमके मत राहून जाते. म्हणून पहिली पाच मिनिटे कच्च्या आराखड्याला द्यावीत. समारोपात भूमिका वेगळ्या शब्दांत सांगावी, नवा मुद्दा आणू नये. उरलेल्या मिनिटांत ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ आणि क्रियापदांचे काळ तपासावेत. मराठीत विचार करणाऱ्यांच्या चुका तेथेच अधिक होतात.