फुटकी बादली आणि बावीस मीटर

महाड-पोलादपूरकडच्या पोराला खेळ विचारा. तो कबड्डी म्हणेल, नाहीतर टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल आमच्या वरंधकडे फारसा रुजलाच नाही. घाटाच्या पायथ्याला शंभर मीटर सलग सपाटी मिळायची कुठे? जी आहे ती भाताच्या खाचरांची, तीही तुकड्यातुकड्यांची. म्हणूनच की काय, नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कारकिर्दीचा मागोवा घेताना मला सारखी ही खाचरंच आठवत राहिली.

बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडा प्राध्यापक होते. कॉलेज १८८३ सालचं, नागपुरातलं नावाजलेलं. कॉलेजात फुटबॉल शिकवणाऱ्याचं वर्ष सगळीकडे साधारण सारखंच असतं. प्रवेश आटोपले की फळ्यावर नोटीस, मग निवड चाचणी, आंतरमहाविद्यालयीन सामने, विद्यापीठाचा संघ, आणि एवढ्यात परीक्षा दारात. तीन वर्षांनी पोरं बदलतात, शिट्टी तीच राहते. अशी तीसेक वर्षं इमानानं काढून हार-नारळ घेऊन घरी गेलेले सर आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

बारसे सरांचं मात्र २००१च्या पावसाळ्यात बिनसलं. भर पावसात, चिखलात झोपडपट्टीतली काही पोरं फुटक्या बादलीला लाथा घालत खेळत होती. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. पोरं मैदानात असतात तोवर व्यसनापासून आणि नसत्या भानगडींपासून लांब राहतात, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं. पुढच्या वर्षी नागपुरात झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरली आणि १२८ संघ उतरले. गावच्या यात्रेत सोळा संघांची कबड्डी भरवतानासुद्धा घाम फुटतो. १२८ संघ म्हणजे नुसत्या बाद पद्धतीनं खेळवले तरी १२७ सामने! पंच, फक्की, पाणी, भांडणं, सगळं आलंच.

निवृत्तीनंतर माणसं घराला रंग काढतात. सरांनी हाती आलेल्या पैशातून शहराबाहेर जागा घेतली. मुलगा अभिजित अमेरिकेतून परतून याच कामाला लागला आणि ‘स्लम सॉकर’ संस्था उभी राहिली. पुढचं बरंचसं तुम्हाला ठाऊक असेल: २०१४ला ‘सत्यमेव जयते’, २०१६ला फिफाचा विविधता पुरस्कार, २०२२ला नागराज मंजुळेंचा ‘झुंड’. सिनेमात अमिताभ आला, मग मूळ माणूस थोडा झाकोळणारच.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो या पोरांनी खेळलेला फुटबॉल. बेघरांचा विश्वचषक २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझला सुरू झाला. २०१०ला रिओमध्ये भारताचा कर्णधार याच पोरांतला, नागपूरचा अखिलेश पॉल होता. या खेळात एका बाजूला चारच गडी, त्यातला एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव. खेळाडूला या स्पर्धेत आयुष्यात एकदाच उतरता येतं, म्हणजे दर वर्षी नव्या पोरांना संधी. आणि मैदान किती? बावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद, म्हणजे कबड्डीच्या पावणेतीन मैदानांएवढं. चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून भोवती बुटक्या फळ्या.

बावीस बाय सोळा! आता आपलं खाचर डोळ्यांसमोर आणा. भोवती बांध आयताच आहे.

तेव्हा आमच्याकडच्या शाळा-कॉलेजांतल्या खेळाच्या सरांना एक विनंती. भातकापणी झाली की शेतमालकाशी बोला. ज्यात वाल पेरायचे नाहीत असं एखादं खाचर मागून घ्या. धसकटं मात्र आधी काढा, पोरं अनवाणीच येतील.