प्रश्न विचारायचा, पण कुणाच्या भाषेत?

देवाधर्माला प्रश्न विचारण्याची वऱ्हाडाला जुनी सवय आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात तेच करत. देवाला आंघोळ कोण घालतं, निवदावर कुत्रं आलं तर ते कोण हाकलतं, असं विचारत विचारत ते उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. अस्पृश्यांना अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 1920 च्या दशकात अमरावतीत उभे राहिलेले पंजाबराव देशमुख तर विलायतेत वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास यावर प्रबंध लिहून आले होते. विकास म्हटला की ग्रंथ माणसांच्या काळात घडत जातो, हे आलंच.

अकोला-अमरावतीच्या मुस्लिम मोहल्ल्यांत मात्र गाडगेबाबांचा प्रश्न जसाच्या तसा नेता येत नाही. मूर्तीला प्रश्न विचारणं इस्लामला नवं नाही, मक्केत त्याची सुरुवातच तिथून झाली. या धर्माच्या गाभ्यात आहे तो शब्द. देवदूत जिब्रीलमार्फत इ.स. 610 पासून सुमारे 23 वर्षं पैगंबरांवर जे अवतरलं ते अक्षरशः अल्लाहचं बोलणं, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे इथे शंका घ्यायची तर ती थेट ग्रंथावरच येते, आणि म्हणूनच ती घेणाऱ्याला फार महागात पडते.

तरीही वाद झालेच. कुराण अनादी आहे की ईश्वराने ते काळाच्या ओघात निर्माण केलं, यावर बगदादेत मोठं रण माजलं. ते ईश्वराचंच आहे, याबद्दल कोणत्याच पक्षाला शंका नव्हती. बुद्धिवादी मुअतझिला पंथाचं म्हणणं होतं की ते निर्मित आहे. खलिफा मामूनने 833 साली हे मत काझींवर आणि विद्वानांवर सक्तीने लादायला सुरुवात केली. इमाम अहमद इब्न हंबल यांनी ते मानायला नकार दिला, तेव्हा त्यांना कैद झाली आणि पुढच्या खलिफाच्या काळात चाबकाचे फटकेही बसले. बुद्धिवाद्यांच्या बाजूने सरकारी चाबूक चालला, ही गोष्ट बुद्धिवादाचे चाहते सहसा सांगत नाहीत.

भारतात हा धागा सर सय्यद अहमद खान यांनी उचलला. ईश्वराचं वचन आणि ईश्वराची सृष्टी यांत विरोध असूच शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून कुराणातल्या चमत्कारांचा अर्थ ते निसर्गनियमांना धरून लावत. मौलवींनी त्यांना ‘नेचरी’ म्हणून हिणवलं, फतवे काढले. पण सर सय्यद हे सगळं उर्दूत लिहीत होते, हे लक्षात घ्यायला हवं.

महाराष्ट्रात सर्वांत धारदार प्रश्न विचारला गेला तो मराठीत. चिपळूणजवळच्या मिरजोळीत 1932 साली जन्मलेले हमीद दलवाई राष्ट्र सेवा दलात वाढले, अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकार झाले, ‘इंधन’सारखी कादंबरी लिहून गेले. धर्मग्रंथाचीही इतिहासाच्या कसोटीवर चिकित्सा झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. 22 मार्च 1970 रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आणि त्याचं नाव सरळ जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून घेतलं. 1977 साली मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता त्यांचं दहन झालं. दफन नाकारणं हे त्यांच्या समाजाला कोणत्याही लेखापेक्षा जास्त झोंबलं असणार.

कोकणी मुसलमानाच्या घरात मराठीचीच बोली असते. वऱ्हाडात तसं नाही. बाळापूर, अचलपूर, अकोल्यातल्या वस्त्यांत उर्दू शाळांची परंपरा भक्कम आहे. दलवाईंचं लेखन पोहोचलं ते मुख्यतः मराठी वाचणाऱ्या हिंदू मध्यमवर्गापर्यंत. त्यातल्या काहींनी ते आत्मपरीक्षणासाठी न वाचता शेजाऱ्याच्या उण्यादुण्यांची यादी म्हणून वाचलं. दलवाईंना हे अभिप्रेत नव्हतं. हिंदू जातीयवादावरही त्यांनी तितकंच कठोर लिहिलं आहे.

दुसरी वाट असगर अली इंजिनियर यांची. बोहरा आमिलाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, घरात वाढलेले, मुंबई महापालिकेत अभियंता म्हणून नोकरी केलेले इंजिनियर कुराण ईश्वराकडून अवतरलं हे मानत. त्यांचा वाद होता तो अर्थ लावण्याची मक्तेदारी मिरवणाऱ्यांशी. आपल्याच समाजातल्या धर्मगुरूंच्या सत्तेविरुद्ध लढताना त्यांनी बहिष्कारही सोसला.

कायद्याने अखेर इंजिनियर यांच्या वाटेच्या जवळून जाणं पसंत केलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2002 साली दगडू पठाण खटल्यात, पुरेसं कारण आणि आधी समेटाचा प्रयत्न असल्याशिवाय तलाक सिद्ध होत नाही, असं म्हटलं. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला. बहुमतातले न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांचा आधार हाच होता की ही प्रथा कुराणालाच धरून नाही. 18 एप्रिल 1966 रोजी दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत मोर्चा काढणाऱ्या सात मुस्लिम बायकांनी मात्र कुराणातल्या कोणत्याही आयतीचा अर्थ विचारला नव्हता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना एकच कायदा द्या, एवढीच त्यांची मागणी होती.