बांध किती सरकला?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराच्या कडेला कॅरोविंड्स नावाचं मनोरंजन उद्यान आहे. ३० जून २०२३ रोजी तिथला एक पाहुणा ‘फ्यूरी ३२५’ या रोलर कोस्टरकडे बाहेरून बघत उभा होता. गाडी सुसाट आली, वळणावरून गेली, आणि तिच्या भारानं एका पोलादी खांबाचं डोकं चक्क बाजूला सरकलं. खांबाला आरपार तडा गेला होता. गाडी आली की फट उघडायची, गेली की मिटल्यासारखी व्हायची. त्यानं मोबाइलवर चित्रण केलं, कर्मचाऱ्यांना गाठलं, आणि राइड बंद झाली. कुणाला इजा झाली नाही. पुढे लोकांनी आपापले फोटो चाळले, तेव्हा काही दिवस आधीच्या एका फोटोतही तो तडा निघाला. उद्यानाच्या म्हणण्याप्रमाणे राइडची तपासणी रोज होत होती.

रोज बघूनही दिसत नाही हे ऐकायला विचित्र वाटतं, पण शेतकऱ्याला वाटणार नाही. शेजारी दर नांगरटीला दोन बोटं बांध कोरतो. दहा-पंधरा वर्षांत गुंठाभर जमीन पलीकडे गेलेली असते, आणि रोज त्याच बांधावरून ये-जा करणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. मग मोजणी आणावी लागते. मोजणीवाल्यालाही हातात जुना नकाशा लागतोच. तो नसेल तर उरतो फक्त तोंडी वाद.

रोलर कोस्टरची अशी मोजणी आता लेसर स्कॅनरनं करता येते. हे काम रात्री बरं पडतं. दिवसा गिऱ्हाइकं असतात, आणि लेसरला बाहेरच्या उजेडाची गरज नसते. तिपाईवर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र ठेवतात. त्याच्या आतला आरसा गरगर फिरतो, यंत्र स्वतःभोवती सावकाश वळतं, आणि लेसरची शलाका आजूबाजूच्या प्रत्येक पृष्ठभागावर आपटून परत येते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. तत्त्व सोपं, हिशेब मात्र घाम काढणारा. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. त्यामुळे एका मिलिमीटरचा फरक ओळखायचा, तर सुमारे ७ पिकोसेकंदांचा फरक टिपावा लागतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. म्हणून पुष्कळशी यंत्रं थेट वेळ मोजण्याच्या भानगडीत पडत नाहीत. शलाकेची तीव्रता लाटेसारखी कमी-जास्त करत सोडायची आणि परत आलेली लाट किती मागे पडली ते पाहायचं, ही त्यांची युक्ती. चांगलं यंत्र सेकंदाला दहा लाखांहून जास्त बिंदू टिपतं. एका जागेवरून सगळं दिसत नाही, खांबामागे खांब लपतो. म्हणून तिपाई पन्नास ठिकाणी हलवायची, मध्ये खुणेसाठी पांढरे गोळे ठेवायचे, आणि शेवटी त्या गोळ्यांच्या आधारानं सगळे तुकडे संगणकात जोडायचे. पडद्यावर जे उभं राहतं ते बिंदूंचं दाट धुकं असतं. त्यात अख्खी राइड दिसते, फिरवून बघता येते, कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर काढता येतं.

या धुक्यात भुतंही असतात. शलाका रुळाच्या नळीच्या कडेवर अर्धी आणि मागच्या झाडावर अर्धी पडली, की यंत्र दोन्हींची सरासरी काढून अधांतरी एक बिंदू टाकून देतं. पाऊस पडून गेला असेल तर ओल्या पोलादावरून शलाका भलतीकडेच जाते. आणि यातली गंमत म्हणा की पंचाईत, रुळाचा जो भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे जिथून चाकं धावतात तो, चाकांनीच घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला असतो. नेमका तोच नीट टिपला जात नाही.

पण मिलिमीटरसाठी एवढा आटापिटा कशाला? कारण या खेळात आकार म्हणजेच जोर. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची उलटी फिरवणारी राइड आली. तिचं वेटोळं जवळपास पूर्ण गोल होतं. सरळ रुळावरून गाडी एकदम गोलात शिरायची आणि बसणाऱ्याच्या मानेला जबर हिसका बसायचा. हे कोडं नीट सुटलं ते १९७६ साली, कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनमध्ये. तिथल्या ‘रेव्होल्यूशन’ या राइडचं वेटोळं अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी थेंबाच्या आकाराचं केलं. खाली वळण मोठ्या त्रिज्येचं, वर जाईल तसं आवळत जाणारं. आगगाडीच्या वळणावर रूळ एकदम वाकत नाही, हळूहळू वाकत जातो, तीच कल्पना.

आता याच आकारात चुकून पडलेला फुगवटा घ्या. वेग दुप्पट झाला की तोच फुगवटा चौपट जोरानं लागतो. फ्यूरीची उंची ९९ मीटर, सर्वाधिक वेग ताशी १५३ किलोमीटर. गाडीच्या खाली चाकांचे तीन संच असतात. एक रुळावर चालतो, एक बाजूनं धरतो आणि एक खालून पकडतो, म्हणून गाडी उडत नाही. खालून पकडणाऱ्या चाकांचं पेटंट अमेरिकी रचनाकार जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतलं. दोन नळ्यांमधलं अंतर काही मिलिमीटरनं कमी झालं की ही चाकं रुळाला चावू लागतात, जास्त झालं की डबा डुगडुगतो. बसणाऱ्याला ‘आज जरा खडखडतंय’ एवढंच जाणवतं.

मोजणी कुठल्या वेळी केली तेही लिहून ठेवावं लागतं. शंभर मीटर लांबीचं पोलाद तापमान २० अंशांनी वाढलं की सुमारे २४ मिलिमीटर लांब होतं. पहाटेचा रूळ आणि भर दुपारचा रूळ एकमेकांशी ताडून बघितले, तर यंत्र ठणाणा करेल आणि तो बिघाड नसेल, ऊन असेल.

ताडून कशाशी बघायचं, हा खरा प्रश्न. कागदावरचा मूळ आराखडा आणि प्रत्यक्ष उभी राहिलेली राइड यांत पहिल्या दिवसापासून थोडाफार फरक असतोच. त्यामुळे राइड नवी असताना केलेली मोजणी फार मोलाची. पुढच्या मोजण्या तिच्यावर ठेवायच्या, संगणक फरकाला रंग देतो. जुळलं तिथे हिरवं, सरकलं तिथे लाल. पाया खचला, खांब कलला, नळी दबली की तो भाग लाल होतो. जुन्या राइड्सची गोष्ट वेगळी. बनवणारी कंपनी बंद पडलेली, आराखडे कुठे गेले कुणास ठाऊक. मग बदलायचा भाग सुटा करून तोच स्कॅन करतात आणि त्यावरून नवा घडवतात. इथे एक खोड आहे. झिजलेला भाग स्कॅन केला तर झीजही इमानदारीनं नकलेत उतरते. मूळ माप काय असावं हे माणसानंच ठरवावं लागतं. शिवाय आकार हाती आला तरी धातू कुठला आणि त्याला पाणी कसं दिलं होतं, हे लेसर सांगत नाही.

आणि मुख्य म्हणजे, तो आत बघत नाही. २०१७ च्या जुलैमध्ये ओहायोच्या राज्य जत्रेत ‘फायर बॉल’ नावाची झोके घेणारी राइड चालू असताना तिचा एक हात तुटला. १८ वर्षांचा एक तरुण गेला. नंतर बनवणाऱ्या कंपनीनं सांगितलं की पोलादी तुळई आतून गंजून तिची भिंत पातळ झाली होती. बाहेरचं माप जसंच्या तसं, आत पोखरलेलं. असल्या तुळईची लेसरनं शंभरदा मोजणी केली तरी ती हिरवीच दिसेल. तिथे अल्ट्रासाउंड लागतं. ध्वनिलहर आत सोडायची आणि पलीकडच्या पृष्ठभागावरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी काढायची. म्हणजे लेसरचंच तत्त्व, फक्त प्रकाशाऐवजी आवाज. त्याआधी, ५ मे २००७ रोजी जपानमधल्या ओसाकात एक्स्पोलँडच्या रोलर कोस्टरचा ॲक्सल मोडून एक तरुणी मरण पावली. कारण होतं धातूचा थकवा. एका फटक्यात मोडणार नाही एवढा भार लाखो वेळा येत राहिला की पोलादात केसाएवढी चीर पडते आणि ती वाढत जाते. ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्यानं आगगाडीच्या ॲक्सलवर याचे पद्धतशीर प्रयोग एकोणिसाव्या शतकातच केले होते. दर दोन मिनिटांना एक फेरी, दिवसाला दहा तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षाला ९० हजार फेऱ्या होतात. एका वळणाखालचा खांब दहा वर्षांत नऊ लाख धक्के खातो.

केसाएवढी चीर लेसरच्या मापात येत नाही. ती शोधायला रंग काढून लाल द्रव लावायचा, किंवा चुंबक लावून लोखंडी भुकटी टाकायची, असे हातानं करायचे उपाय आहेत. फ्यूरीच्या खांबाबद्दल तर मला अशीही शंका आहे, की रात्री गाडी बंद असताना लेसर फिरवला असता तर तो खांब बऱ्यापैकी निर्दोष दिसला असता. त्याची फट उघडत होती ती गाडीखाली. त्यामुळे संगणकातल्या अशा मॉडेलला कुणी ‘डिजिटल जुळं’ वगैरे म्हटलं की मला जरा धास्तीच वाटते. ते जुळं नाही, ती नोंदवही आहे, फार चांगली नोंदवही. मॉडेलमधल्या खांबावर बोट ठेवलं की त्याच्या सगळ्या मोजण्या, कुठला जोड अल्ट्रासाउंडनं कधी तपासला, कुठला बोल्ट कधी बदलला, हे एका जागी मिळावं, एवढं तिच्याकडून झालं तरी पुष्कळ.

फ्यूरीचा तो खांब बदलला. राइड बनवणारी स्वित्झर्लंडची बोलिगर अँड माबियार कंपनी आपल्याकडेही ओळखीची आहे, खोपोलीजवळच्या इमॅजिकातली ‘नायट्रो’ त्यांचीच. नवा खांब बसल्यावर गाडीच्या ५०० पूर्ण फेऱ्या चालवल्या, मग पुन्हा तपासणी केली, आणि १० ऑगस्ट २०२३ रोजी राइड सुरू झाली. हात पोहोचत नाही अशा जागा बघायला कॅमेऱ्याचे ड्रोन वापरू, असंही उद्यानानं जाहीर केलं.

जत्रेतल्या आकाशपाळण्याला यातलं काहीच परवडणारं नाही. तो दर आठवड्याला उकलतो आणि नव्या मैदानात नव्यानं उभा राहतो. एकदा पाळणा जोडून होत आला होता तेव्हा मी तिथल्या मिस्त्रींना विचारलं, “काका, एवढे नट-बोल्ट, कुठला ढिला झाला ते कळतं कसं?” त्यांनी मला आसाजवळ नेलं. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढलेली होती, नटावरून सरळ खाली पट्टीवर उतरणारी. “आवळून झालं की मारायची,” ते म्हणाले. “नट फिरला की रेघ तुटते. पाना लावून बघायला नको, टॉर्च मारला की झालं.” बोलता बोलता ते एकेका रेघेवरून अंगठा फिरवत होते. एका ठिकाणी अंगठा थांबला. रेघेचे दोन तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे अंतर सोडून उभे होते. मिस्त्रींनी खांद्यावरचा पाना उतरवला आणि मला म्हणाले, “जरा बाजूला व्हा.”