आधी ओलावा, मग काटा!

दिवाळी सरली की बाभुळगावच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या दिसू लागतात. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापूस नेला की त्यातला ओलावा मोजतात. तो १२ टक्क्यांहून जास्त भरला तर कापूस परत!

संगणकातही अशीच तपासणी असते बरं का! प्रोग्रॅम लिहिणारे लोक 'गिट' वापरतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केलं. वहीत खोडलेलं गेलं ते गेलंच. गिट मात्र कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद जपतं. या नोंदीला 'कमिट' म्हणतात.

नोंदीच्या आधी, नोंद झाल्यावर, काम दुसरीकडे पाठवण्याआधी, अशा ठरावीक क्षणी गिट एखादा छोटा प्रोग्रॅम आपोआप चालवू शकतं. तो झाला 'हुक'. 'प्री-कमिट' हुक नोंदीआधी चुका तपासतो. त्याने शून्य हा आकडा दिला तर पास, दुसरा कुठलाही दिला तर नोंद थांबली. शून्य मिळवून पास व्हायची ही एकच शाळा!

पण हे हुक ठेवायचे कुठे? गिट ते आपल्याच एका फोल्डरमध्ये शोधतं. प्रकल्पाची नक्कल मित्राला दिली, तर हुक मात्र सोबत जात नाहीत. मग सगळ्यांची तपासणी सारखी कशी होणार? २०१६ साली आलेल्या २.९ आवृत्तीत एक सोय झाली. 'हुक अमुक फोल्डरमध्ये बघ' असं सेटिंगमध्ये लिहिता येऊ लागलं. तेव्हा हुकांचा फोल्डर प्रकल्पातच ठेवायचा आणि प्रत्येकाने आपल्या संगणकावर एकदा ते सेटिंग करायचं.

तुम्ही म्हणाल, गिट हे स्वतःहून का करत नाही? अहो, हुक म्हणजे प्रोग्रॅमच! तो तुमच्या फायली पुसूही शकतो. अनोळखी माणसाचा प्रकल्प उतरवला आणि त्याचा हुक गुपचूप चालला, तर? म्हणून परवानगी संगणकाच्या मालकाचीच.

आणखी एक गंमत. घाईत असलेला माणूस प्री-कमिट तपासणी टाळूही शकतो. म्हणून महत्त्वाची तपासणी सगळ्यांचं काम जिथे जमा होतं, त्या सर्व्हरवर पुन्हा करतात. घरी कापूस कितीही वाळवून नेला तरी केंद्रावर ओलावा मोजतातच ना? तसंच!

आता आई-बाबांना सोबत घ्या आणि तुमच्या दप्तरासाठी एक हुक कागदावर लिहा: कधी तपासायचं, काय तपासायचं आणि चुकलं तर काय थांबवायचं?