अर्धवट राहिलेला अभ्यास

समाधान पदवीच्या दिवशीच लाभते असे आम्हांस वाटत नाही. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांची सवलत दिली होती. १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करीत, परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी पैसा साठवला. राजर्षी शाहू महाराजांनीही साहाय्य केले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्सी.! नोकरीच्या त्या वर्षांतही ध्येयाकडची वाटचाल चालूच होती, हे आम्हांस मोलाचे वाटते.

आमच्या ऐरोली-घणसोलीची मुले कंपनीतली पाळी संपवून अभ्यासाला बसतात. एखादे वर्ष हुकले की मात्र नाव काढतात. अशांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उघडे आहे.