पिलांना ऊब द्या, पण शेगडीची नको

लातूर-नांदेडकडे थंडीत पहाटे गारठा पडतो, अन् वीज नेमकी तेव्हाच जाते. मग कोंबडीच्या पिलांपाशी कोळशाची शेगडी ठेवून दार लावून घेतात. हे करू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. पिले मरतातच, राखणीला झोपलेला माणूसही उठत नाही.

आमच्या मते तारेचा पिवळा बल्बच बरा. एलईडी उबेच्या कामाचा नाही. शंभर पिलांना 200 वॅट पुरेत. बल्ब साखळीने टांगावा, नुसत्या वायरवर नको. तुसावर पडला की आग लागते. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर 35 अंश ठेवावे, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिलेच सांगतात: बल्बखाली गोळा झाली तर थंडी, लांब पळाली तर उष्मा.

वीज गेलीच तर गरम पाण्याचा झाकणबंद डबा पोत्यात गुंडाळून पिलांत ठेवावा.