चोविसाव्या आठवड्याची रेघ

धान्याच्या राशीतून एकेक दाणा काढत गेलात, तर नेमका कोणता दाणा काढल्यावर रास संपली म्हणाल? ग्रीक तर्कशास्त्रातलं हे जुनं कोडं. गर्भही असाच कणाकणानं वाढतो, कायद्याला मात्र तारीख लागते. म्हणून काही जण म्हणतात, गर्भपाताची मुदत मुळातच मनमानी आहे. मला हा युक्तिवाद दुबळा वाटतो. मतदानाचं वय १८ हेही ठरवलेलंच आहे, पण बिनकारणाचं नाही. रेघ कुठेतरी ओढावी लागते. ती कशासाठी ओढली, हे विचारलं पाहिजे.

आपल्याकडे शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर १९७१ साली कायदा झाला, मर्यादा २० आठवड्यांची. २०२१ मध्ये ती काही स्त्रियांसाठी २४ वर नेली: बलात्कारपीडित, अल्पवयीन मुली, गरोदरपणात विधवा झालेल्या वगैरे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. आईचा जीव वाचवायचा असेल तर मुदत नाहीच. (जाता जाता, हा कायदा बाईला हक्क देत नाही, डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यापासून संरक्षण देतो. निर्णय शेवटी डॉक्टरच्या मताचा.)

आता बघा, व्यंग शोधणारी सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत करतात. म्हणजे जुन्या कायद्यात रिपोर्ट हातात येईपर्यंत दार बंद व्हायची वेळ. मुदत न्याय्य असायची तर विचार करायला पुरेसा वेळ तिच्या आत मिळायला हवा.

मग २४ का? सगळ्यात वजनदार उत्तर असं, की या सुमारास गर्भ आईच्या शरीराबाहेर जगू शकतो. ब्रिटनने १९९० मध्ये २८ ची मर्यादा २४ वर आणली, ती नवजात बालकांच्या उपचारांत झालेल्या प्रगतीमुळेच. पण मंडळी, यात एक अडचण आहे. बाळ जगेल का, हे काचेच्या पेटीवर आणि ती चालवणाऱ्या माणसांवर अवलंबून असतं. मुंबईत जगू शकणारा गर्भ गडचिरोलीतल्या आडगावात जगू शकणार नाही. मग त्याचं नैतिक मूल्य जिल्ह्यागणिक बदलतं का? हे कुणीच मान्य करणार नाही.

तरीही या कसोटीत तथ्य आहे. जुडिथ जार्विस थॉमसन या तत्त्वज्ञ बाईंनी १९७१ मध्येच एक फरक दाखवला होता: आपलं शरीर मोकळं करून घेण्याचा हक्क वेगळा, आणि बाळ मरावंच हा हक्क वेगळा. बाराव्या आठवड्यात हा फरक कागदावरच राहतो. सव्विसाव्यात तो खरा होतो.

ऑक्टोबर २०२३ चं प्रकरण आठवा. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर उपचार चालू. अंगावर पाजत असल्याने पाळी नव्हती, म्हणून दिवस गेल्याचं उशिरा कळलं, असं तिचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं आधी परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं, गर्भाच्या हृदयाचे ठोके थांबवायचे का? कारण तसं न केलं तर जिवंत, अपुऱ्या दिवसांचं मूल जन्मणार. शेवटी तीन न्यायाधीशांच्या पीठानं परवानगी नाकारली. बाळंतपणाचा खर्च सरकारचा, मूल दत्तक द्यायचं का ते आईवडिलांनी ठरवायचं.

ठोके थांबवायला न्यायालय कचरलं, हे मला समजतं. पण राहिलेल्या आठवड्यांचं ओझं त्या बाईनं एकटीनं का वाहायचं, याचं पटणारं उत्तर मला त्या निकालात दिसत नाही. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.